वाटून घेतलेली माय

आमच्या घरी सकाळ व्हायची ती मायच्या आवाजानं. कोंबडा तिच्यानंतर आरवायचा. अंगण झाडून झालं की ती फाटकाशी उभी राहून पदर खोचायची आणि बौद्धपुऱ्याच्या दोन्ही बाजूंना हाक द्यायची, "मंजुळे, निंघ वो! सोनाबाई आली पोडावरून, तू अजून भाकरच थापून राह्यली!" सोनाबाई नाल्यापलीकडच्या पोडावरून, कोलामांच्या वस्तीतून यायची. मंजुळामावशी मात्र आमच्या घराला लागून राहायची, तिला हाक मारायला एवढ्या आवाजाची गरज नव्हती, पण मायला हळू बोलताच येत नव्हतं. कापूस वेचणाऱ्या बायांच्या टोळीची ती पुढारीण. कोणत्या वावरात जायचं, कोणाची बारीक पोर कोण सांभाळील, वजन करताना कोण काट्याजवळ उभी राहील, हे तीच ठरवायची. तिचं नाव अनसूया, सगळे अनसूबाई म्हणत. पांढरकवड्याच्या बाजाराला गेली तर भाजीवाल्यांच्या ओळीतून तिचा आवाज ऐकू यायचा आणि मी, तिची एकुलती एक पोरगी, लाजून चार पावलं मागं राहायची.

बाबा तिच्या उलट. देवराव मिस्त्री म्हणून आसपासच्या गावांत त्यांना मान होता, पण बोलणं असं की चहात साखर कमी असली तरी सांगणार नाहीत. त्या वर्षांत कापसानं सगळ्यांचंच कंबरडं मोडलं होतं. बोंडाला अळी, बाजाराला भाव नाही, आणि ज्यांच्या घरी कापूस पिकतो तेच भिंती बांधीनात तर मिस्त्रीला कोण बोलावणार? बाबा वणीला कोळशाच्या खाणीकडे ठेकेदाराच्या कामावर जायला लागले. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. शनिवारच्या रात्री माय कढी-गोळे करायची. डाळ भिजवून पाट्यावर भरड वाटायची, उकळत्या कढीत गोळे सोडायची आणि झाकण न काढता नुसत्या वासावर सांगायची, "झालं. ताटं मांड." चुलीकडे पाठ असली तरी भाकर कोणत्या बाजूनं करपते ते तिला कळायचं. मीठ तिनं कधी चाखून घातलं नाही.

त्या वर्षी मी बारावी पास होऊन पांढरकवड्याच्या कॉलेजात जायला लागले होते. दिवाळी होऊन गेलेली, वेचणी जोरात. एका संध्याकाळी बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर कापसाच्या गाठोड्यांवर बसून परत येत होत्या. नाल्याच्या रपट्यावर, त्या बुटक्या पुलावर, एक चाक कडेवरून खाली उतरलं. ट्रॉली उलटली नाही, नुसती कलली. बाकीच्या बाया एकमेकींवर पडल्या. माय सगळ्यांत वर, कडेला बसलेली, ती रपट्याच्या दगडावर डोक्यावर पडली. मंजुळामावशी मला नंतर कितीदा तरी सांगायची, "पोरी, रक्त थोडंसंच होतं गं. कानामागं. आम्हाले वाटलं, आता उठन आन् ड्रायव्हरले शिव्या देईन." माय उठली नाही. कापसाच्या गाठोड्यांवरच आडवी घालून तिला पांढरकवड्याला नेलं, तिथून नागपूरला.

नागपूरच्या दवाखान्यात तिची कवटी उघडून आत साचलेलं रक्त काढलं. बाबा आणि मी बाहेरच्या पायऱ्यांवर कितीतरी दिवस राहिलो, तिथंच भाकरी मागून आणून खाल्ल्या. तिनं डोळे उघडले त्या दिवशी बाबा भिंतीकडे तोंड करून रडले. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, जीव वाचला, नशीब समजा. सुट्टी देताना गोळ्या कशा घ्यायच्या ते नीट समजावून सांगितलं. त्यापुढं काय, हे कोणी सांगितलं नाही. खरं म्हणजे आम्हीही विचारलं नाही. जीव वाचला म्हणजे माणूस घरी येतं, एवढंच आम्हाला माहीत होतं.

घरी आली ती वेगळीच बाई. डोक्याचे केस काढलेले, कानावर टाक्यांची अर्धी कोर. चालायची, जेवायची, सगळ्यांना ओळखायची. गावानं आठ-पंधरा दिवस येऊन पाहिलं आणि सुटकेचा श्वास सोडला, "बरी झाली बाप्पा!" पण आम्ही घरात तिच्यासोबत राहत होतो. सकाळी उठून ती बाजेवर बसायची आणि कोणी 'ऊठ' म्हणेपर्यंत बसूनच राहायची. अंगण झाडण्याची आठवणच यायची नाही. शब्द सापडायचे नाहीत. कापसाला 'ते पांढरं' म्हणायची, बादलीला 'पाण्याचं टोपलं'. कुकरची शिट्टी, विहारातला भोंगा, पोरांचा गलका, काहीच सहन व्हायचं नाही. दोन्ही हातांनी डोकं धरायची. पुढं पुढं त्रास देणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं नाव 'कुकर' झालं. आणि वास गेला तो गेलाच. भात जळून धूर घरभर झाला तरी ती चुलीपुढं शांत बसलेली. कढी-गोळे तिनं एकदाच केले. मीठ दोनदा पडलं, पहिल्या घासालाच आमच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा पूर्ण ताट जेवले. माय आमच्या तोंडाकडे पाहत होती. मग तिनं कढीनं भरलेलं गंज उचलून अंगणात भिरकावलं.

राग असा यायचा. आभाळ निरभ्र असताना वीज पडावी तसा, आणि तसाच जायचा. जिभेवरचा पहारा तर पार उठला होता. लग्नापासून ज्या बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं, ती आता चारचौघांत ओरडायची, "देवराव, इकडं ये!" टोळीतली गिरजाकाकू तिला भेटायला आली तेव्हा म्हणाली, "तू लुगडं नवं घेतलं पण दिसत नाही चांगली." काकू पुन्हा आली नाही. लोक हसायचे, आणि हसून झाल्यावर घाबरायचे. कोणी म्हणालं बाहेरचं आहे, कोणी म्हणालं डोक्यात हवा राहिली. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मला अंगारा-धुपाऱ्याचे सल्ले देणाऱ्याही बाया होत्या. मी त्यांना चहा करून द्यायची.

लसीकरणाला येणाऱ्या सिस्टरबाईंना मी एकदा थांबवून सगळं सांगितलं. त्या ओट्यावर बसल्या, मायशी थोडं बोलल्या आणि मला म्हणाल्या, "हे मला कोणी शिकवलेलं नाही गं. विचारून येते." मला वाटलं, टाळलं. पण पुढच्या फेरीला त्या खरंच विचारून आल्या. मार लागलेला मेंदू लवकर थकतो, आळशी होत नाही. दुपारी तिला अंधारात निजू दे. एका वेळी एकच गोष्ट सांग. रोज तेच काम त्याच वेळेला दे. चुलीजवळ एकटी सोडू नको. राग आला की वाद घालू नको, बाजूला हो. "आणि पौर्णिमा," त्या म्हणाल्या, "ती पूर्वीसारखी होईल याची वाट पाहत बसू नको. सुधारेल, पण हळूहळू, आणि किती ते कोणालाच सांगता येत नाही." मी मान डोलावली. त्या गेल्यावर मागच्या भिंतीआड जाऊन खूप रडले. आज मला वाटतं, त्या दिवसांत आमच्याशी खरं बोललेलं ते एकच माणूस होतं.

त्याच वर्षांत आमच्या तालुक्यात जीपा यायच्या. कॅमेरे घेतलेली माणसं, वह्या घेतलेली माणसं, पुण्या-मुंबईची, दिल्लीचीसुद्धा. कर्जापायी कोणत्या गावात कोणत्या घरी माणूस गेला, हे विचारत फिरायची. एक जीप आमच्या फाटकाशी थांबली. मायचं डोकं, माझं तोंड आणि पडकी भिंत पाहून त्यांना वाटलं असावं, हेच ते घर. एका बाईनं हळू आवाजात विचारलं, "इथं कोण वारलं?" मी म्हटलं, "कोणी नाही." त्यांनी माफी मागितली आणि जीप पुढं गेली. त्यांचं काही चुकलं नव्हतं. ज्यांचं माणूस गेलं होतं त्यांचं दुःख मोठंच होतं. पण जीपचा धुरळा बसेपर्यंत मी फाटकात उभी होते. आमच्या घरी कोणी मेलं नव्हतं, म्हणून आमच्याकडे विचारण्यासारखं काही नव्हतं.

कॉलेज सुटलं ते मायला नागपूरला नेलं त्या दिवसापासून. पुढचं अख्खं वर्ष आणि त्यानंतरची वेचणी मी घरातच होते. सकाळी मायला उठवायचं, न्हाऊ घालायचं, पुढ्यात बसून जेवायला लावायचं, दुपारी ती निजली की नाल्यावर धुणं, तिला जाग यायच्या आत परत. मंजुळामावशी जमेल तसं डोकावायची, पण तिलाही मजुरीला जावं लागायचं. माझं वय एकोणीस. आरशात पाहायची सवय सुटली होती. एकदा बाजारात कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या. त्या काहीतरी हसून बोलत होत्या आणि मला त्या बोलण्यातलं एक अक्षरही कळत नव्हतं. माझं सगळं लक्ष मायच्या मुठीत धरलेल्या माझ्या दंडाकडे होतं.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, पेरणी तोंडावर आलेली असताना, नेरहून मोठेबाबा आले. बाबांचे थोरले भाऊ. नेरच्या मार्केटात त्यांची वट, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. बाबांनी त्यांना बोलावलं नव्हतं. मायच्या वागण्याच्या कथा तिकडे पोचल्या होत्या. रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की मागच्या ओसरीवर बसून बोलू, असं त्यांनीच ठरवलं. घरातली गोष्ट चार लोकांसमोर का, मला कळेना. नंतर कळलं, त्यांना साक्षीला लोक हवे होते.

वंदना झाली. पोहे आणि चहा आला. माणसं सतरंजीवर बसली, बाया खांबाला टेकून. मायला मी भोंग्यापासून लांब, पायरीवर सावलीत बसवलं. मोठेबाबांनी घसा साफ केला. वाईट माणूस नव्हता तो, हे मी आजही म्हणते. भावाचं घर मोडताना त्याला दिसत होतं आणि त्याच्या परीनं तो टेकू लावायला आला होता.

"सरळ सांगतो," ते म्हणाले. "देवरावचं वय काही गेलं नाही. तिकडं खाणीवर हातानं रांधून खाते. अनसूले तिच्या भावाकडं पोचवून देऊ, दर महिन्याचं धान्य आपण देऊ. पौर्णिमासाठी माह्या पाहण्यात एक स्थळ आहे. पोरगी सासरी गेली की देवरावचं दुसरं पाहू. घर उभं राह्यलं पाहिजे ना? तिले त काय, कुठंही ठेवली तरी सारखंच. तिले कायच समजते?"

बाबा सतरंजीचा दोरा ओढत होते. मी त्यांच्याकडे पाहत राहिले. ते नाही म्हणतील असं वाटत होतं आणि ते दोराच ओढत होते. आणि खरं लिहायचं तर, स्थळ म्हटल्यावर माझ्या मनात जे आलं त्यात भीती होती तसा विसावाही होता. या घरातून निघायला एक दार आहे, एवढंच त्या क्षणी दिसलं.

"ए," पायरीवरून आवाज आला. "तू जरा गप बस. तुह्या आवाजानं डोकं कुकर होऊन राह्यलं."

माणसांच्या बाजूला कोणीतरी फिसकन हसलं. मोठेबाबांना त्यांच्या उभ्या आयुष्यात भावजयीनं 'तू' म्हटलं नव्हतं. मी उठून मायजवळ गेले, तिला घरी न्यावं म्हणून हात धरला. तिनं तो झटकला.

"मी इथंच बसली आहो," ती म्हणाली. एकेक शब्द शोधत होती, विहिरीतून बादली ओढावी तसा. "मले कोणी इचारलं का? समजते मले. हळू समजते. पण समजते." मग ती थांबली. सगळ्यांना वाटलं, संपलं. मोठेबाबांनी तोंड उघडलं तर मंजुळामावशीनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"हे पोट्टी," माय माझ्याकडे बोट करून म्हणाली, "सुकली. त्या पांढऱ्याच्या पराटीवानी. तिचं ते... पुस्तकाचं... जायाचं... बंद झालं. माह्यानं. एकटीच्या अंगावर नका टाकू मले." तिचा श्वास वाढला होता, हात डोक्याकडे जात होते. "भावाकडं नाही जाणार. तिथं मले कोण हाय? मी टोळीत पडली. टोळीनं घ्या. वाटून घ्या मले. दिवस दिवस."

मला दीड वर्षभर वाटत आलं होतं की माझं काय होतंय ते या बाईला दिसत नाही. ते तिला सगळं दिसत होतं, फक्त सांगायला शब्द नव्हते, आणि ते जमवायला तिला किती दिवस लागले असतील कोण जाणे. मी तिथंच पायरीवर बसले.

"सोमवार माह्या," मंजुळामावशी म्हणाली. इतक्या चटकन, जणू वांग्याचा भाव ठरवते आहे.

"मंगळवारी आणा," दुसरी एक बाई म्हणाली, "पण माह्या घरी सासू खोकते दिवसभर. तिले चालन का?"

"खोकू दे," माय म्हणाली. "कुकर नको लावू."

या वेळी सगळे हसले आणि हसता हसता मंजुळामावशीनं डोळे पुसले. सोनाबाई कोलाम पोडावरची, विहारात नेहमी दाराशीच बसायची. ती म्हणाली, शनिवारी पोडावर भोंगा नाही, गाडी नाही, तिला तिथं बरं वाटेल. गिरजाकाकूकडे कोणी पाहिलं नव्हतं, तरी तीच बोलली. "मी नाही घेणार. खोटं कायले बोलू? मले भेव वाटते तिचं." त्यावर कोणी तिला नावं ठेवली नाहीत. पुढं ती दर बुधवारी ज्या घरी माय असेल तिथं गडूभर ताक पाठवायची.

मोठेबाबा उठले. "बायांच्या भरवशावर घर चालते का देवराव?" बाबांनी दोरा सोडला. मान वर न करता म्हणाले, "दादा, तिनं सांगितलं ना आता." माझ्या बाबांचं मी ऐकलेलं ते सगळ्यांत लांब भाषण. मोठेबाबा दुपारच्या बसनं गेले आणि दोन वर्षं आमच्याकडे आले नाहीत.

हे सगळं तिथून सुरळीत झालं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पहिल्याच महिन्यात मायनं मंगळवारच्या घरी जेवणाची पितळी फेकून मारली आणि मंगळवार सुटला. वेचणी सुरू झाली तेव्हा बायांनी तिला वावरात नेऊन पाहिलं, धुऱ्यावर, बांधाच्या झाडाखाली सावलीत बसवलं. उन्हानं तिचं डोकं इतकं ठणकलं की तो नाद सोडावा लागला. मग वेचणीच्या दिवसांत म्हाताऱ्या बायांनी विहाराच्या ओसरीवर तिला सांभाळलं. कापूस तिनं पुन्हा कधी वेचला नाही. पण काही गोष्टी आल्या. रोज ठरल्या वेळी अंगण झाडायला लागली, ज्या घरी असेल त्या घरचं. शब्द वाढले. आणि जिभेला लगाम नसल्याचा उपयोग बायांनी शोधून काढला: राशनच्या दुकानात कमी मापाचं बोलायचं झालं की त्या मायला पुढं उभी करायच्या. ती जे बोलायची ते आणखी कोणाच्या तोंडून निघालं नसतं.

मी बी.ए. झाले, मग डी.एड., मग जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. माय त्यानंतरही बरीच वर्षं जगली. घरं बदलली, काही बाया गेल्या, त्यांच्या सुनांनी तो वार पुढं चालवला, काहींनी नाही चालवला. आता माझं वय मायच्या तेव्हाच्या वयापुढं गेलं आहे. मध्यंतरी एका शिबिरात 'समाजाधारित पुनर्वसन' असा शब्द ऐकला आणि समोरच्या फळ्यावर बाण आणि चौकोन काढून ते समजावलेलंही पाहिलं. चांगलंच आहे. आम्हाला तेव्हा असं काही मिळालं असतं तर मायचं पहिलं दीड वर्ष तसं गेलं नसतं. बायांनी जे केलं ते कौतुकाचं होतं, पण त्यांच्या पोटाला चिमटा घेऊन केलेलं होतं, आणि प्रत्येक गावात मंजुळामावशी असतेच असं नाही.

त्या ओसरीवरच्या बैठकीनंतरचा पहिला शनिवार मला अजून लख्ख दिसतो. मी कॉलेजात नाव घालून दुपारच्या बसनं आले होते आणि फाट्यावर बाबा वणीच्या गाडीतून उतरले. दोघं घरी आलो तर घराला कुलूप. बाबांना व्यवस्था कळली होती, पण कोणता वार कोणाचा ते पाठ नव्हतं, आणि मी सांगायच्या आधीच ते शेजारच्या फाटकात गेले. हातात पिशवी, अंगावर कोळशाची भुकटी, आणि या घरून त्या घरी विचारत निघाले, "आमची आज कोणाकडं आहे?" लोक हात करून पुढं धाडत होते. मी मागून चालले. नाला ओलांडून आम्ही पोडावर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. सोनाबाईच्या अंगणात माय पाय पसरून चिंचा फोडत बसली होती, शेजारी सोनाबाई चुलीला फुंकर घालत होती. डोक्यावरचे केस आता मानेपर्यंत आलेले. तिनं वर पाहिलं.

"देवराव," ती म्हणाली, "बस. चहा होऊन राह्यला."

बाबा पाहुण्यासारखे अंग चोरून खाटेच्या कडेवर टेकले. माय सोनाबाईकडे वळून म्हणाली, "माह्या घरचे हायेत. साखर जास्त घाल. कमी पडली त सांगणार नाहीत."

बाबांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि बराच वेळ कप खाली ठेवला नाही.